मंत्रिपद देणारी साइट

दंतवैद्याकडे सुजलेला गाल सावरत बसलेल्या शिंप्याला शेजारच्या आजी-आजोबांचं बोलणं नको म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"अहो, उद्या नातीच्या वर्गात प्राचीन इजिप्तवर बोलायचंय तुम्हाला. बरी साइट सापडली का एखादी?"

"बरी? उत्तम! नाव-जन्मतारीख टाकली आणि लगेच कळलं, मागच्या जन्मी मी फॅरो राजाचा मंत्री होतो."

"मीही टाकली काल. मी पट्टराणी निघाले."

"बघ, किती अचूक आहे!"

"आपल्या गॅसवाल्याचीही टाकली. तोही मंत्री. सगळेच दरबारात, तर मग दगड कोणी वाहिले?"

"तू ना, रंगाचा बेरंग करतेस."

"उद्या ती पोरं करतील, आणि मान खाली जाईल नातीची. ही बघा, संग्रहालयाची साइट."

"किती रटाळ दिसतेय! संगीतसुद्धा नाही."

"वाचा तरी. राजांची थडगी कोरणाऱ्या कामगारांच्या रजा आहेत, दगडावर लिहिलेल्या."

"रजा? आण इकडे. जन्मभर ऑफिसात लोकांचे रजेचे अर्ज तपासण्याशिवाय दुसरं केलंय काय मी? याचे डोळे दुखतायत. हं, नेहमीचंच. याला विंचू चावला. आणि हा... अगं, हा बीअर गाळायला घरी राहिला! चक्क खरं कारण दिलंय!"

शिंप्याचा नंबर पुकारला गेला. त्याने मागच्या बाईंना खुणेनेच पुढे पाठवलं.

"मग मंत्रिमहोदय, उद्या काय सांगणार?"

"मंत्रिपदाचा राजीनामा दिला. उद्या मी विंचू चावलेला कामगार. रजा कशी मिळवली, ते सांगतो पोरांना."

"मिळवली? तुमच्यासारखा साहेब असता, तर विंचू हजर करायला लावला असता."