शब्बीरचाचांचा बँड सापडेना

हसू नका, पण परंड्याच्या शब्बीरचाचांचा बँड वाजायला लागला की चार गल्ल्या पलीकडं ऐकू येतो, आणि तोच बँड इंटरनेटवर शोधून सापडत नव्हता!

त्यांची वेबसाइट मीच बनवली होती. लग्नसराई तोंडावर आली आणि चाचांचा फोन आला, "बेटा, नाव टाकलं की दुनियाभरचे बँड येतेत, आपलाच न्हाय. वाजवणारी पोरं रिकामी बसलीत."

मी धाराशिवात बसून सगळं तपासलं. पत्ता बरोबर, पानं उघडतायत, फोटो दिसतायत. शेवटी सेटिंग उघडलं, तर 'सर्च इंजिनांपासून साइट लपवा' या ओळीपुढच्या चौकोनात खूण केलेली.

"चाचा, फोटो टाकायला तुम्हाला पासवर्ड दिलता. ही खूण कुणी केली?"

"म्याच केली की! तिथं आपले रेट लिवलेत. जवळच्या वाशीच्या बँडवाल्यानं बघितले तर कमी रेट सांगून लग्नं पळवंल तो."

"अहो, पण नवरीच्या बापालाबी दिसंना झालंय त्यानं!"

तसे चाचा घाईनं म्हणाले, "काढ काढ, लवकर काढ."

खूण काढली. थोड्या दिवसांनी साइट दिसायला लागली आणि चाचांचा परत फोन, "बेटा, येरमाळ्याच्या लग्नाची सुपारी आली!"

"मग, आता खूश ना?"

"लई खूश. फकस्त एकट्या वाशीवाल्याला दिसणार न्हाय, असं एखादं बटण असंल तर बघ."