मामांचं काळीज

मी इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतोय, पण त्या तीन शब्दांनी मला पार घाबरवलं, बघा. सोनईच्या मामांच्या पोटात डावीकडून कळा येत होत्या, म्हणून त्यांना नगरला आणून तपासण्या केल्या. रिपोर्टवर लिहिलं होतं, 'सायटस इन्व्हर्सस टोटॅलिस'.

"काय रं लिव्हलंय?" मामांनी विचारलं.

मला त्यातलं 'टोटल' तेवढं कळलं. सगळं संपलं असं वाटून मी रिपोर्टची घडी करून तो खिशात घातला. माझं तोंड बघून मामी रडायला लागली.

तेवढ्यात डॉक्टर आले. म्हणाले, "यांचे सगळे अवयव जन्मापासून उलट्या बाजूला आहेत, आरशात दिसावेत तसे. म्हणून अपेंडिक्स डावीकडे दुखतंय. आजच ऑपरेशन करू. यांचं हृदयही उजवीकडे आहे."

मामांनी छातीवर डावीकडे हात ठेवला, मग हळूहळू उजवीकडे नेला. तिथं ठोके लागले आणि त्यांचे डोळेच विस्फारले.

"मामा, इतक्या वर्षांत कुणालाच कळलं नाही?"

"आरं, कदी दवाखान्यात गेलोच न्हाई, तर कळनार कसं?"

ऑपरेशन झालं, मामा बरे झाले. मामी मात्र अजून सुन्न होऊन म्हणते, "चाळीस वर्षं संसार केला, आन् मानसाचं काळीज कुटं हाय, ते मला ठावंच न्हवतं."