बांधावरची आगटी

गीताबाई : आणखी किती खणता, काकासाहेब? हुरडा भाजायचाय, विहीर नाय पाडायची.

काकासाहेब : खड्डा खोल असला की जाळ वर उडत नाय.

गीताबाई : व्हय, पण कणसं काढायला आत कोण उतरायचं? वीतभर माती परत लोटा. कडब्याची गंजी लांब हाय, भवतालचं गवत मी खुरपून काढलंय. पुरे आता.

काकासाहेब : घागर भरून ठेवलीय. गोणपाट भिजवलंय. गेल्या साली एका बाईनं विझली म्हणून आगटी तशीच सोडली अन् माझा बांध पेटवला.

गीताबाई : आता उठताना पाणी ओतते, राख उकरून हात लावून बघते. अन् आग विझवायला आलेल्याला चहा पाजत नाय. माणूस रोज यायला लागतो.

काकासाहेब : चहा बरा व्हता.

गीताबाई : गोवऱ्या रचा. सारख्या का ढासळत्यात?

काकासाहेब : वारं हाय.

गीताबाई : पान हलत नाय. श्रेया काय म्हणली ते सांगा.

काकासाहेब : सकाळी फोन लावला. म्हणलं, हुरड्याला ये, एक सांगायचंय. तिनं इचारलं, शुगर वाढली का? नाय म्हणलं. मग रान विकताय का? तेबी नाय. मग सांगून टाकलं, गीताबाई अन् मी लग्न करतोय. नुसतं 'येते' म्हणली अन् फोन ठेवला.

गीताबाई : माझा शिवराज म्हणला, आई, साऱ्या गावाला ठाऊक हाय, तुम्हा दोघांनाच उशिरा कळलं.

काकासाहेब : तो तुमचा पोरगा. माझी पोर आईवर लई जीव टाकायची.

गीताबाई : टाकणारच की. त्यात वावगं काय? थांबा, गाडी आली वाटतं.

(काकासाहेब आगटी पेटवतात. श्रेया बांधावरून चालत येते.)

श्रेया : बाबा, हा जाळ तुम्ही केलात? माझ्याकडे आलात की गॅससुद्धा मला पेटवायला लावता.

गीताबाई : ओढणी आवर, पोरी, ठिणगी उडती. राग आलाय का?

श्रेया : आला होता, मावशी. वाटेत मुकुंदवाडी ओलांडेपर्यंत. मग आठवलं, आई गेल्यापासून मी रोज फोनवर विचारते, जेवलात का. हल्ली ते खुशीत सांगतात, जेवलो. कुणी वाढलं, ते मी कधी विचारलंच नाही.

काकासाहेब : श्रेया, मी...

श्रेया : नंतर बोला. आधी मावशींच्या शेजारी बसा, तिकडे मोकळं आहे.

काकासाहेब : अन् तू? सगळा धूर तुझ्याकडं येतोय. डोळे बघ, पाणी आलंय.

श्रेया : येऊ दे, बाबा. आज धूर बरा आहे.