बाप काही बोलला नाही

काही बोलला नाही! अहो, मी? मी काही बोललो नाही?... नाही नाही, तुम्ही उठू नका साहेब, झोपा, चपला राहू द्या तशाच, आणि वहिनी, तुम्ही त्या बाजूनं टेका, जोडीनं पाठ टेकल्याशिवाय डबलची गादी कळत नाही... तर तुम्हाला सांगतो, आयुष्य गेलं माझं या दुकानात गाद्या विकण्यात, आणि गादी काही तोंडानं सांगत नाही की बाबा रे, मी चांगली आहे, मला घे, ते आम्हालाच सांगावं लागतं, म्हणजे बोलणं हाच माझा धंदा! घरी गेलो तरी पट्टा चालूच, आमची ही म्हणते, 'अहो, भिंतींनासुद्धा कान असतात, त्यांच्यावर तरी दया करा!' आणि माझ्या पोटच्या पोरीनं, एकुलत्या एक, कादंबरी लिहिली, तर त्यात बाप किती? एक वाक्य! 'बाप काही बोलला नाही.' झालं, संपला बाप!

बरं, कादंबरी तरी कशी? एक मुलगी मोठी होते, त्याची. आता मुलगी मोठी होते म्हणजे दात पडतात, सायकलवरून आपटते, गणितात गटांगळ्या खाते, काहीतरी होईल की नाही? छे! ही बाई खिडकीत बसते. पान उलटा, अजून खिडकीतच! 'मी आहे.' खाली अख्खं पान कोरं. पुढच्या पानावर, 'का?' पुन्हा कोरं! सातव्या प्रकरणानंतर दुसरं प्रकरण! आणि मध्येच ती मुलगी म्हणते, 'मला कुणीतरी लिहितंय.' अगं, कुणीतरी काय, तूच लिहितेयस, ऊठ आणि जेवायला चल!

मला वाटलं, छापखान्यात घोळ झाला. आमच्याकडे नुसती शिवण उसवली तरी आम्ही गादी बदलून देतो, आणि इथे तर अर्धा माल रिकामा! गेलो तडक पुस्तकाच्या दुकानात. म्हटलं, 'हे परत घ्या, भरलेलं द्या.' तो चष्मेवाला दुकानदार असा काही हसला, 'काका, ते अस्तित्वाचं रितेपण आहे.' म्हटलं, 'रितेपण आहे ना? मग कापूस भरा!' तर म्हणतो, 'कमीत कमी शब्दांची शैली आहे ही. यात जे गाळलंय तेच खरं असतं.' ऐकलंत? म्हणजे मी सगळाच्या सगळा गाळलो गेलो असतो तर खरा ठरलो असतो... मग एक वाक्य तरी कशाला शिल्लक ठेवलं? माझं नाक कापायला?

त्यात आमचे मेहुणे. फोन करून काय म्हणतात, 'भावजी, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणे!' आणि पुढे नुसतं खीखी खीखी! तुम्हाला सांगतो, वरवर मीही हसलो, पण लागलं हो. जिव्हारी लागलं. या पोरीला मी गोष्टी सांगून भरवलं, पाढे गाऊन झोपवलं, आणि जगाला काय कळणार? बाप म्हणजे दगड! शेवटी एका रविवारी जेवताना विचारलंच, 'का गं, मी एवढंही बोललो नाही का तुझ्याशी?'

ती म्हणाली, 'बाबा, मी कॉलेज सोडून आले तो दिवस आठवतो?'

आठवतो म्हणजे! शेवटचं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि पोरगी बॅग घेऊन दारात. आली ती थेट पलंगावर पालथी! आमची ही स्वयंपाकघरातून ओरडतेय, 'विचारा तिला! एरवी तोंड थांबत नाही, आता बोला की काहीतरी!' आणि मी... आता हे धंद्यातलं गुपित आहे, पण तुम्ही घरचेच. आमच्या जुन्या शेठनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'गिऱ्हाईक एकदा आडवं झालं की तोंड मिटायचं. आडव्या माणसाशी बोलायचं नसतं. त्याचं त्याला कळू द्यायचं.' दुकानात मला ते उभ्या जन्मात जमलं नाही, तुम्ही बघताच आहात! पण त्या दिवशी कुठून आठवलं, देव जाणे. पंखा जरा कमी केला, स्टूल ओढलं आणि बसलो तिच्या उशाशी. अंधार पडला तरी बसलो.

पोरगी म्हणाली, 'बाबा, तुमचं बोलणं मी सगळं लिहिलं होतं, चांगलं जाडजूड बाड झालं होतं. मग गाळत गेले. गोष्टी गेल्या, पाढे गेले, विनोद तर सगळेच गेले. हे एक वाक्य मात्र काही केल्या गाळवेना.'

हातातला घास हातात राहिला. ही माझ्याकडे बघतेय, पोरगी माझ्याकडे बघतेय... आणि बाप काही बोलला नाही!

म्हणजे बघा, जन्मभर बोललो ते सगळं रद्दीत, आणि एकदाच गप्प बसलो तर तेवढंच छापून आलं! आता ही गादी... साहेब?... वहिनी, साहेब घोरतायत वाटतं... वहिनी?... घ्या! दोघंही! अहो, मग एवढं सगळं मी सांगितलं कुणाला?

असो. म्हणजे गादी पसंत पडली. पंखा जरा कमी करतो... झोपा, झोपा. मी काही बोललो नाही.