हाक पुढे देण्याचा नियम

नाही, त्या खुर्चीवर नको. इकडे बसा, अंकुशराव, माझ्या उजव्या हाताला. तिकडे ऊन डोळ्यांवर येतं. ऊन नाही म्हणता? येईल. बसा. आणि तो कागद माझ्याकडे द्या, मी स्वतः वाचतो — दुसऱ्याने वाचून दाखवलेलं मला चालत नाही. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जे वाचलं ते वाचनालयाच्या बाकावर बसून, स्वतःच्या डोळ्यांनी. "मी, आनंदराव, खालीलप्रमाणे लिहून देतो की" — ठीक. "पहाटवारा सायकल मंडळाच्या रविवारच्या गोसीखुर्द फेरीत आघाडीचे सायकलस्वार वीरेंद्र यांनी खड्ड्याची हाक दिली नाही, त्यामुळे तृप्ती यांचा अपघात झाला" — हे वाक्य आपलं? चिटणीस म्हणून बरं रचलंत. मी रविवारी बोललो ते असंच होतं. म्हणजे मी सही करायची, आणि संध्याकाळच्या बैठकीत वीरेंद्रला आघाडीवरून काढायचं. समजलं.

सही करतो. घाई काय आहे? नियम आधी स्पष्ट असलेला बरा, कारण तो मीच लिहिलेला आहे. नियम क्रमांक सात. आघाडीवाल्याने हाक द्यायची — खड्डा, गुरं, ट्रक, जे समोर असेल ते — ती दुसऱ्याने तिसऱ्याला द्यायची, तिसऱ्याने चौथ्याला, अशी शेवटपर्यंत. आणि प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्याचीच हाक खरी मानायची. लांबून कोणी काही ओरडलं तर त्यावर जायचं नाही, नाहीतर रांग मोडते. सहा वर्षांत एकदाही रांग मोडली नाही. मी दुसऱ्या क्रमांकावर असतो. मागून घेतलेली जागा नाही ती, मंडळाने दिलेली आहे — एकाहत्तराव्या वर्षी भंडाऱ्याहून गोसीखुर्दला जाऊन परत येणारा दुसरा माणूस दाखवा.

तर आसगावच्या अलीकडे, उतारावर, डावीकडे खड्डा होता. वीरेंद्र पुढे, मी त्याच्या मागे, माझ्या मागे तृप्ती, तिच्या मागे देवाजी आणि बाकीचे. वीरेंद्र उजवीकडे सरकला, मी सरकलो, तृप्ती सरळ खड्ड्यात गेली. उजवं मनगट मोडलं. शिक्षिका आहे ती, उजव्याच हाताने फळ्यावर लिहिते. यावर वीरेंद्र काय म्हणतो? "काका, मी कोकलून राहिलो ना, खड्डा, खड्डा म्हणून! आता तुमच्या मांडीवर बसून सांगू का?" अशी भाषा. मी त्याला तिथेच सांगितलं की वडीलधाऱ्यांशी बोलताना मांडीचा उल्लेख करू नये.

चहा घ्या. नाही, बायकोने हाक मारली नाही, टेबलावर बोटं आपटली — दोनदा आपटली की चहा, तीनदा आपटली की कोणीतरी दारात आहे. सुलोचनेची पद्धत आहे. पूर्वी ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, कवाची बलावून राहिली!" — हल्ली येऊन आपटते. मला ते अधिक सभ्य वाटतं.

हसण्यासारखं काय आहे त्यात?

बरं. देवाजीने हाक ऐकली म्हणतो, तेही आपण लिहून घेतलं असेल. देवाजी चौथा, मी दुसरा. म्हणजे आवाज मला वळसा घालून चौथ्याकडे गेला? देवाजी सर्वांदेखत काय म्हणाला ठाऊक आहे? "काकाले हाक देऊन फायदा नाही, काकाले पोस्टकार्ड टाका." सगळे हसले. मला विनोद कळतो, अंकुशराव. मीही हसलो. नंतर कशावर हसलो ते सुलोचनेने घरी सांगितलं — म्हणजे देवाजीच्या बायकोने तिला सांगितलं, तिने मला. मोठ्याने सांगितलं.

आणि मला सांगा, हाक कशाला हवी? मी कधी खड्ड्यात गेलो? कधीच नाही. मी वीरेंद्रच्या मागच्या चाकावरून नजर हलवत नाही. चाक उजवीकडे गेलं की मी उजवीकडे, चाक मंद झालं की माझा हात ब्रेकवर. दोन वर्षं मी असाच चालवतो आहे, एकही खड्डा चुकला नाही — म्हणजे चुकवायचा राहिला नाही. त्याआधी कसा चालवत होतो? त्याआधी... सगळे चालवतात तसा.

कागदावर आपण काही लिहू नका अजून.

काय म्हणालात? जरा इकडे तोंड करून बोला. खिडकीकडे पाहून बोलणं बरं दिसत नाही. तृप्ती? हो, काल गेलो होतो तिच्याकडे दवाखान्यात. केळी नेली. ती पलंगावर, मी डावीकडच्या स्टुलावर — म्हणजे ती माझ्या डाव्या हाताला आली, दुसरीकडे स्टूल ठेवायला जागा नव्हती. तिने काहीतरी विचारलं, मी होय म्हणालो. तिने पुन्हा काही विचारलं, मी पुन्हा होय म्हणालो. आजारी माणसाला नाही म्हणू नये.

तिने तुम्हाला सांगितलं? काय विचारलं होतं?

"काका, तुम्हाला हाक ऐकू आली होती का" — असं? आणि मी होय म्हणालो. आणि दुसऱ्यांदा? "मग मला का नाही सांगितलं." त्यालाही होय.

अस्सं.

मग ती काय म्हणाली? नाही, सांगा. शब्दशः सांगा, मला सारांश नको. "मागून-पुढून काहीतरी ओरडणं मी ऐकलं होतं, पण काका चूप होते म्हणून मी निश्चिंत होती." नियम सात. बरोबर वागली. त्या रांगेत एकटी तीच नियमाने वागली.

चहा निवला तुमचा.

माझ्या डाव्या हाताला मारोतराव बसत असत, पितळेच्या भांड्यांच्या कारखान्यात. त्यांचा हातोडा माझ्या हातोड्यापेक्षा मोठा होता. एकेचाळीस वर्षं. घागरी, पराती, पाण्याचे गुंड — आम्ही ठोकलेल्या गुंडाचा काठ अजून वाकलेला दिसणार नाही तुम्हाला, पाहिजे तर आमच्या घरातलाच पाहा. डावा कान तेव्हाच गेला. उजवा घरात चालतो, वाऱ्यात चालत नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. विचारलं असेल तर मी होय म्हणालो असेन.

हा कागद फाडा. तुम्हीच फाडा, मंडळाचा आहे. आता दुसरा घ्या आणि मी सांगतो तसा लिहा. "वीरेंद्र यांनी हाक दिली." पूर्णविराम. "दुसऱ्या क्रमांकावरील सायकलस्वारास ती ऐकू आली नाही, सबब पुढे गेली नाही." पूर्णविराम. आणि कारण — काय लिहिलंत? "वयोमानामुळे"? खोडा. वयाचा काही संबंध नाही. "पितळेची भांडी ठोकण्याच्या एकेचाळीस वर्षांच्या कामामुळे" असं लिहा. परातीवरही आम्ही आमची खूण उमटवत होतो. ही सहीही माझीच. द्या पेन.

नियम सात बदलायचा नाही. नियम बरोबर आहे. जागा बदला. पुढच्या रविवारपासून मी शेवटी. दया म्हणून नको, आणि वीरेंद्रने मागे वळून पाहत बसायचं नाही, त्याला पुढे पाहायचं काम दिलेलं आहे. शेवटच्याच्या मागे कोणी नसतं, त्याला हाक पुढे द्यावी लागत नाही, एवढंच. आणि तृप्तीला सांगा — नको, तिला मी सांगतो. या वेळी स्टूल उजवीकडे ठेवीन, पलंग सरकवावा लागला तरी चालेल.

निघा आता. बैठक सहाची आहे, चिटणिसाने उशिरा जाऊ नये. चप्पल तिकडे. हं? दारातून काही बोललात?

होय, होय. या.