लाल दोऱ्याची बाटली

माझं नाव रंगनाथ, पण गावात त्या नावानं कुणी हाक मारली तर मी मागं वळून बी बघायचो न्हाई, समदे टेलरच म्हणतेत, बायको बी रागावली की टेलर म्हणती. आमचं गाव कुंभार पिंपळगाव. बाप बाजाराच्या दिवशी लिंबाखाली शिलाई मशीन मांडून बसायचा आन् मी मशीनखाली बसून पायडल कसं फिरतं ते बघत ऱ्हायचो. लई भित्रा व्हतो बरं का मी, आता बी हाय. मला इहिरीची भीती, बैलाची भीती, येष्टीत बसलो तर ड्रायवरच्या मागच्या शिटावर बसून मीच पाय दाबत ऱ्हायचो, जसा काही ब्रेक माझ्याच पायाखाली हाय. तुम्ही हसून राह्यले, पण खरं सांगतो.

आता अशा भित्र्या माणसाला गाड्यांचा नाद कसा लागला म्हणाल, तर मशीननं लावला. बाप गेल्यावर मशीन माझ्याकडं आली, बिघडली की अंबडला न्यावी लागायची, तिथं दोन दोन दिवस जायचे, मंग मी घरीच खोलायला लागलो. खोललेला नट कुठला आन् कुठं बसवायचा, ते माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई, म्हणून मी काय करायचो, हरेक नटाला दोरा बांधायचो. डाव्या अंगाचा निळा, उजव्या अंगाचा पिवळा. दोरा काय, शिंप्याच्या घरी दोऱ्याला काय तोटा. शहागडला हायवेवर रज्जाकभाई म्हणून ट्रकचे जुने मेस्तरी हायेत, त्यांचे कुडते मी शिवायचो, कुडते द्यायला गेलो की दिवसभर तिथंच बसायचो. त्याहीनं मला इंजिन उघडून दाखवलं. माझे दोरे बघून ते पोट धरून हसले, म्हणले टेलर, तू इंजिन खोल राह्या का राखी बांध राह्या? पण नंतर म्हणले, हसायची बात न्हाई, तुझा एक बी नट गायब होत न्हाई.

पह्यली गाडी आणली ती जीप. एका मळ्यात पडल्ती, बोनटमधून बाभळीचं झाड वर आल्तं. झाड तोडून गाडी बाहेर काढली, अंगणात पत्र्याचं शेड टाकलं, आन् दिवसभर कपडे शिवायचे, दिवस मावळायच्या आत दोन घंटे जीप. चालू झाली त्या दिवशी गल्लीतले लोकं जमले, म्हणले टेलर चक्कर मारा. मी म्हणलं तुम्हीच मारा. गाडी चालू करायची मला आवड, चालवायची न्हाई. मेलेलं इंजिन पह्यल्यांदा खोकतं ना, त्याच्यासाठी समदं. पुढं रस्त्यावर न्यायची म्हणलं की मी चावी दुसऱ्याच्या हातात दितो.

मंग ती फियाट. अंबडच्या कोर्टातले एक वकीलसाहेब, त्यांचे काळे कोट मी शिवायचो. त्यांच्या घरामागं चिंचेखाली ही फियाट कितीक वर्षांपासून उभी, आत कोंबड्या ऱ्हायच्या, मागच्या शिटावर अंडी घालायच्या. वकीलसाहेब म्हणले न्या तुम्ही, फक्त मला दोन कोट शिवून द्या. ट्रॅक्टरला बांधून आणली, तिच्या मागं मी सायकलवर, समद्या रस्त्यानं कोंबडीचे पिसं उडत आल्ते.

माझी एकच लेक, मनीषा. ती फियाट माझ्यासोबत तिनंच उभी केली असं म्हणा. मी पाना फिरवायचो, ती दोरे बांधायची. शिटाचे कव्हर आम्ही दोघांनी शिवले, मरून रंगाचे, पांढरी किनार. ती कॉलेजला गेली, लग्न झालं, गोदावरीच्या पलीकडं सासर मिळालं, आन् फियाट काही पुरी व्हईना. पुरी झाली ती आत्ता, मनीषा बाळंतपणाला माहेरी आली तव्हा. नात झाली मला. तिसरा महिना लागला, जावई न्यायला आले, तर मनीषा म्हणती आबा, मी लेकीला घेऊन सासरी जाईन ते फियाटमदीच. मी म्हणलं येष्टीनं जा, जीप करून दितो किरायानं. ती म्हणली, न्हाई, मी दोरे बांधले त्या गाडीनंच जाणार. तिची आई बी तिच्याच बाजूनं. मी एकटा काय करतो हो.

चार दिवस मी त्या गाडीच्या मागं लागलो. टायर नवे टाकले, लाइट बघितले, ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं. गावातून जावयानं दोन चकरा मारल्या, बराबर थांबली. निघायच्या दिवशी सकाळी ओटी भरली, लेकराच्या गालाला तीट लावली, चाकाखाली लिंबू ठेवलं, जावयाला मी दहादा बजावलं, गाडी चालवताना फोन उचलायचा न्हाई, कोणाचा बी येऊ द्या, माझा आला तरी. ते म्हणले बरं मामा. लिंबू फुटलं, गाडी गेली. लिंबावर भागलं असतं तर मंग काय पाह्यजे व्हतं.

मी घरात येऊन मशीनवर बसलो. हातात काही तरी असावं म्हणून. मशीन कुरकुर करायली, तेल मागून राह्यली. आता इथं नीट ऐका. माझ्या शेडात फळीवर दोन तेलं असायचे, दोन्ही सारख्याच बाटलीत, कारण डब्यातून मी सरबताच्या रिकाम्या बाटलीत काढून ठेवायचो. शिलाई मशीनच्या तेलाला पांढरा दोरा, गाडीच्या ब्रेकच्या तेलाला लाल. दोन्ही पातळ, दोन्ही पाण्यावानी. ब्रेकच्या तेलात मशीनचं तेल कधी जाऊ द्यायचं न्हाई, हे रज्जाकभाईनं पह्यल्याच दिवशी सांगितल्तं. आतमदी रबराच्या वाट्या असतेत, त्या तेलानं फुगतेत, आधी चाक धरून ठेवतेत, गरम व्हतेत, आन् मंग ब्रेक जातो.

पांढऱ्या दोऱ्याची बाटली घेतली तर ती रिकामी. मी म्हणलं असं कसं, उन्हाळ्यातल्या लग्नसराईत आपण मशीनच्या तेलाची नवी बाटली भरल्ती की. फळीवर हात घातला. तिथं दोन बाटल्या व्हत्या आन् दोन्हीला लाल दोरा. एक भरलेली, एक अर्धी.

लग्नसराईत नवरीचे लाल ब्लाऊज चालू व्हते, मशीनवर लाल दोरा चढलेला, नवी बाटली भरली आन् घाईघाईत मशीनवरचाच दोरा तोडून बांधला. दुसरं कोण बांधणार, मीच बांधला. लोटाभर पाणी घेतलं. भरलेल्या बाटलीतला थेंब टाकला, पाण्यात मिसळून गेला, ते ब्रेकचं तेल. अर्ध्या बाटलीतला टाकला, फियाटमदी ओतलेली तीच. तो वर तरंगला. मी बोटानं ढवळलं, अजून ढवळलं. तरंगतच व्हता.

बायको म्हणली काय झालं. मनीषाला फोन लावला, तर फोन आतल्या खोलीतच वाजला, चार्जिंगला लावून इसरून गेल्ती. जावयाला लावला, वाजून वाजून बंद. परत लावला. उचलणार कसे, मीच बजावलं व्हतं ना. मंग रज्जाकभाईला लावला. रडत सांगितलं समदं. ते म्हणले टेलर, ये क्या किया तूने. मी म्हणलं भाई, तुमच्याकडच्या गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं गाडी अडवा, पण समोर उभे राहू नका, ब्रेक लागंल का न्हाई त्याचा भरोसा न्हाई, बाजूनं हात करा, हळू करून गियरमदी थांबवायला सांगा. ते म्हणले जल्दी तू निकल, मैं खडा हूं.

मी जीप काढली. ज्यानं जल्मात गल्लीच्या बाहेर गाडी नेली न्हाई तो मी. आन् निघाल्यावर ध्यानात आलं, दिवाळीच्या आधी जीपमदी बी ब्रेकचं तेल टाकल्तं, ते कोणत्या बाटलीतलं? आठवंना. पण उतरून बघत बसायला टाइम कुठं. म्हणून मी दर दोन मिनिटाला ब्रेक दाबून बघायचो, लागतो का, लागला, चला. परत दाबायचो. ऊस नेणारे ट्रॅक्टर समोरून यायचे, मी डोळे बारीक करून बाजूनं काढायचो. तोंडानं देवाचं नाव बी निघंना, नुसतं मनीषा, मनीषा, मनीषा. डोक्यात एकच, तो पूल. त्या पुलावर ट्रकांची रांग, त्यात ही गाडी, जावई पाय दाबून राह्यले आन् पायाखाली काहीच न्हाई. बारसं सासरी करायचं ठरल्तं, नातीचं तर अजून नाव बी ठेवलं नव्हतं आम्ही.

शहागड आठ-दहा किलोमीटर राह्यलं आसंल, रस्त्याच्या कडंला बाभळीखाली पांढरी फियाट. मी जीप थांबवली, थांबली ती, उतरून पळतच गेलो. मनीषा मागच्या शिटावर बसून लेकराला पाजत व्हती. मला बघून हसली, म्हणली आबा, तुम्ही आन् जीप चालवत? जावई चाकावर बाटलीनं पाणी टाकत व्हते, चाकातून वाफ निघून राह्यली व्हती. म्हणले मामा, गाडी जड चालायली म्हणून मी घ्यायलोच व्हतो बाजूला, तेवढ्यात ही छोटी रडाया लागली, मंग थांबलो. पंधरा मिनिटं झाले. आता थंड झालंय, निघणारच व्हतो.

निघणारच व्हतो, असं म्हणले ते.

पुढं बसलो, ब्रेकवर पाय ठेवला आन् दाबला. पाय सरळ खाली गेला, तळाला टेकला. मधी काहीच लागलं न्हाई. परत दाबला, परत तसाच. तुम्हाला सांगतो, ते पायाला जे कळलं ना, ते अजून माझ्या पायात हाय. झोपंत पाय दाबतो मी, बायको सांगती.

मनात आलं, सांगावं का न सांगावं. जुनी गाडी हाय, बिघडली, एवढं म्हणलं असतं तरी भागलं असतं. पण मनीषा माझ्या तोंडाकडं बघत व्हती. लहानपणापासून तिनं माझे दोरे बघितलेत. मी सांगून टाकलं, लाल दोरा मी चुकीचा बांधला, मनी. जावई लेकराच्या गालाला हात लावून खाली बसले. मनीषा म्हणली, आबा, दोऱ्यावर भरोसा ठेवायची सवय आपल्या दोघांची बी व्हती, मी बी कधी बाटली उघडून बघितली न्हाई. मला वाटलं तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फियाट तिथंच ठेवली, रस्त्यानं चाललेल्या रिक्षानं त्यांना शहागडला नेलं आन् येष्टीत बसवलं. आन् रज्जाकभाईला फोन करायचा ते मी साफ इसरलो. तो म्हातारा माणूस भर उन्हात दोन घंटे फाट्यावर उभा, हातात लाल फडकं, दिसंल त्या पांढऱ्या गाडीला हात करून राह्यला. मी गेलो तव्हा लोकं त्याला येडा समजून पाणी पाजत व्हते. मला बघून आधी शिव्या दिल्या, मंग गळ्यात पडला, मंग परत शिव्या दिल्या.

फियाट आता शेडात हाय. समद्या वाट्या बदलल्या, नळ्या धुतल्या, रज्जाकभाईनं सोता येऊन बघितलं, म्हणले अब बराबर है. पण मी तिला हात लावत न्हाई. काचा खाली राह्यल्या तर शेजारच्या कोंबड्या आत जाऊन बसतेत, मी हाकलत बी न्हाई. नाद गेला म्हणा का भीती जिंकली म्हणा. आन् आता परवा मनीषाचा फोन आला. लेकीचं जावळ काढायचंय, तिला मामा न्हाई, मंग आजाच पाह्यजे, आम्हाला न्यायला या आन् फियाट घेऊन या, सोता चालवत या. मी म्हणलं मनी, येडी झाली का. ती म्हणली, आबा, तुम्ही न्हाई आले तर ती गाडी परत चिंचेखालीच गेली समजा, आन् तुम्ही बी तिच्यासंगं. मी वाट बघते.

म्हणून उद्या निघायचंय. सकाळपासून तुमच्याशी बोलून राह्यलो ते बी त्याच्यामुळंच, गप बसलो की पाय दाबायला लागतो. बाटल्या मी फेकून दिल्या, आता डब्याचंच तेल, तरी बी मघाशी लोटाभर पाणी घेतलं, थेंब टाकला, बायकोला बोलावलं. म्हणलं तू बघ, माझ्या डोळ्यावर माझा भरोसा न्हाई. ती म्हणली मिसळलं. म्हणलं नीट बघ. ती म्हणली मिसळलं हो टेलर, समदं मिसळलं. तुम्ही शिकलेले हायेत, तुमचे डोळे चांगले हायेत, लेकराबाळांत सुखी ऱ्हा तुम्ही. जाता जाता तेवढा तो लोटा एकडाव तुम्ही बी बघून जा.