राखेने घासलेली बाटली

परशुराम : नाही रावसाहेब, पाण्यातून वीज किती वाहते ते दाखवणाऱ्या या यंत्रात दोष नाही. ठरलेल्या मापाचे मिठाचे द्रावण भरले, कानाला यंत्राचा टेलिफोन लावला. त्यातला आवाज हव्या त्याच आकड्यावर मावळला.

गोपाळराव : मग उळवीच्या वाटेवरच्या झऱ्यात मी क्षार मोजले, ते बरोबरच.

परशुराम : क्षार मोजलेत, यात शंका नाही. ते झऱ्याचे होते का, एवढाच प्रश्न. हे ऊर्ध्वपातित पाणी. यात क्षार नाहीत, म्हणून यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. तेच पाणी रात्रभर आपल्या त्या बाटलीत ठेवले होते. आता ऐका.

गोपाळराव : ...आकडा फार वर गेला.

परशुराम : झऱ्याच्या नावावर घातलात, जवळपास तितकाच. बाटलीत आधी काय होते?

गोपाळराव : काही नव्हते! मी स्वतः घासली होती.

परशुराम : कशाने?

गोपाळराव : राखेने. गाडीतून उतरवताना झऱ्याजवळच्या वाडीतल्या त्या झिलूने तिच्या तोंडाला हात लावला. मी सोवळ्यात होतो.

परशुराम : राखेत क्षार असतो, हे पुण्याच्या वर्गात आपणच फळ्यावर लिहून दिले होते.

गोपाळराव : विसळली होती रे.

परशुराम : धर्माला पुरेल इतकी. शास्त्राचे सोवळे अधिक कडक असते. आणि त्याच आकड्यावरून अहवालात लिहिलेत, वाडीची घाण झऱ्यात उतरते. वरून हुकूम आला, झरा दगडांनी बुजवला.

(पायरीखाली झिलू केव्हाचा उभा आहे. परशुरामाला त्याच्याकडे पाहवत नाही.)

झिलू : वाडी उठली, दादा. वासू, लाडू, समदी घाटाखाली गेली. आमची आय हटली न्हाई, म्हून मी हाय.

गोपाळराव : झिलू, आजच कळवतो. चूक माझी, दगड काढा म्हणून.

झिलू : काढा की. पन गेलेली मानसं आता येत न्हाईत. तिकडं भात लावलंय त्येंनी.

परशुराम : कळवण्याआधी पाणी पुन्हा मोजावे लागेल. नुसता पश्चात्ताप पुरावा म्हणून चालत नाही.

झिलू : दगडांच्या फटीतनं गळतंय थोडं. भरून आनतो.

गोपाळराव : ही कोरी बाटली. घे. अरे, हातात घे.

झिलू : भुईवर ठेवा, रावसाहेब. मी उचलतो. उगं परत राख लागायची.